ठिपक्यांचा मुलगा आणि तांब्यावरच्या लहरी

अणूंच्या जगाची जी चित्रे आपण पाहतो, ती बहुतेक कल्पनेने काढलेली असतात. केंद्राभोवती गोल फिरणारे इलेक्ट्रॉन शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र पुंजभौतिकीने, म्हणजेच क्वांटम फिजिक्सने, हे चित्र १९२०च्या दशकातच मोडीत काढले. इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षा नसते; तो कोठे सापडू शकेल याची केवळ संभाव्यता सांगता येते आणि ती संभाव्यता लहरीसारखी पसरते. तेव्हा या शास्त्रापासून प्रेरणा घेऊन ॲनिमेशन करू पाहणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो, की जे डोळ्यांना दिसतच नाही ते हलते कसे दाखवायचे?

या प्रश्नाला २०१३ मध्ये एक विलक्षण उत्तर मिळाले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तेव्हा आयबीएम कंपनीचे अल्माडेन संशोधन केंद्र होते. तेथील आंद्रेआस हाइनरिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ बॉय अँड हिज ॲटम' हा सुमारे दीड मिनिटाचा स्टॉप-मोशन चित्रपट तयार केला. एका मुलाची एका अणूशी मैत्री होते, दोघे नाचतात, खेळतात, एवढीच त्याची गोष्ट. त्यात २४२ चौकटी असून प्रत्येक ठिपका खराखुरा आहे. गिनेस बुकाने जगातील सर्वांत लहान स्टॉप-मोशन चित्रपट म्हणून त्याची नोंद केली. पडद्यावरील चित्र मूळ आकाराच्या सुमारे दहा कोटी पट मोठे आहे. लिंबू तेवढ्या पटीने मोठे केले तर ते चंद्राएवढे होईल!

शीर्षकात अणू असला तरी ठिपके मात्र कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंचे आहेत. तांब्याच्या पृष्ठभागावर हा रेणू उभा राहतो, कार्बन खाली व ऑक्सिजन वर, म्हणून वरून पाहता तो एकच ठिपका वाटतो. तापमान उणे २६८ अंश सेल्सिअस इतके खाली ठेवल्यामुळे रेणू ठेवल्या जागी स्थिर राहतात. शिवाय त्यांना वाटेल तेथे बसवता येत नाही. तांब्याच्या अणूंच्या जाळीने आखून दिलेल्या जागाच तेवढ्या उपलब्ध असतात. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत जसे ठिपके आधी ठरतात व आकृती मागाहून येते, तसाच हा प्रकार आहे.

रेणू हलवणारे व टिपणारे साधन एकच, ते म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनी ते झुरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये बनवले व १९८६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या यंत्रातील अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाला स्पर्श न करता त्याच्या अगदी जवळ आणली जाते. मधली पोकळी ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनांपाशी नसते, तरीही पुंजनियमांनुसार काही इलेक्ट्रॉन, जणू बोगद्यातून जावेत तसे, पलीकडे पोहोचतात. अंतर नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने वाढले, तरी हा प्रवाह साधारण दहा पटींनी घटतो. या संवेदनशीलतेतूनच पृष्ठभागाचा नकाशा मिळतो. सुई आणखी जवळ नेली की तिच्या बलाने रेणू पुढच्या जागी सरकतो. १९८९ मध्ये डॉन आयग्लर यांनी झेनॉनचे ३५ अणू असेच सरकवून कंपनीची आद्याक्षरे लिहिली होती.

साहजिकच हे छायाचित्रण नव्हे. प्रवाहाच्या मोजमापांना दृश्य रूप देताना उजेड, छाया आणि रंग माणूसच ठरवतो. गोष्टही पाहता साध्या चेंडूच्या खेळाची आहे. तीत पुंजभौतिकीचे असे काही नाही. ते आहे पार्श्वभूमीत. ठिपक्यांभोवती पाण्यावरील तरंगांसारखी वलये दिसतात. तांब्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटून परततात, तेव्हा उमटणाऱ्या त्या स्थिर लहरी होत. १९९३ मध्ये याच केंद्रात लोखंडाच्या ४८ अणूंचे वर्तुळाकार कुंपण रचून अशा लहरी त्यात कोंडून दाखवण्यात आल्या होत्या. चित्रपटातील वलये कोणीही काढलेली नाहीत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटाचे खरे मोल त्यांतच आहे.

याउलट मार्ग संगणकाचा. अब्राहम गोल्डबर्ग, हॅरी शे व जुडा श्वार्ट्झ यांनी १९६७ मध्ये श्रोडिंजरचे समीकरण संगणकाकडून सोडवून घेऊन चलत्चित्रे सादर केली. लहरींचा पुंजका अडथळ्यावर आदळतो, त्याचा काही भाग परततो व काही आरपार जातो, असे त्यांत दिसते. येथे आशय पूर्णतः पुंजभौतिकीचा, मात्र दिसते ती गणिताची आलेखरूप आकृती. पुढे अशा चित्रांत लहरीची कला, म्हणजे तिच्या आवर्तनातील टप्पा, रंगांनी दाखवण्याची पद्धत रूढ झाली. निळा किंवा तांबडा हा रंग अर्थातच इलेक्ट्रॉनचा नव्हे. हा संकेत ठाऊक नसलेला प्रेक्षक त्या मोहक रंगपटाला सूक्ष्मदर्शकातून दिसलेले दृश्य समजण्याची शक्यता असते. म्हणून 'क्वांटम कला' या नावाखाली जे जे समोर येते, त्यातील काय मोजलेले, काय गणिताने काढलेले आणि काय केवळ कल्पिलेले, एवढे कलावंताने सांगावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.