दमणगंगेचे पाणी आणि आपले मत

मंडळाच्या सभेत चहा आला की ज्येष्ठांपैकी कोणीतरी म्हणतोच, "आपल्याकडे विधानसभा नाही तेच बरे. प्रशासक ठरवतो, निविदा निघते, काम होते. नाहीतर महाराष्ट्रात बघा!" मीही बरीच वर्षे हेच म्हणत असे. वडील ऐंशीच्या दशकात, विक्रीकराच्या सवलतीमुळे इथे कारखाने येत होते तेव्हा सिल्वासाला आले. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून शेजारच्या गुजरात सरकारच्या नोकरीत लागलो. रोज हद्द ओलांडून जा-ये करतो. दोन्हीकडचे कारभार पाहता पाहता माझे मत बदलत गेले. त्यामागचा इतिहास या अंकात मांडतो. पाणी, जंगल, नदीकाठ यांवरच्या खर्चाला हल्ली 'हरित पायाभूत सुविधा' म्हणतात. पूर्वी लोक त्याला सरळ पाटबंधारे आणि जंगलखाते म्हणत.

आपली दमणगंगा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावजवळ सह्याद्रीत उगम पावते आणि महाराष्ट्र, गुजरात, हवेली करत दमणला समुद्राला मिळते. एवढ्याशा नदीला इतक्या हद्दी का, याचे उत्तर थेट पुण्यात सापडते. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. म्हणजे आपल्या गावाचा नकाशा वेगळा झाला तो आपल्याच माणसांच्या सहीने!

१९५४ चा मुक्तिसंग्राम आपल्या मंडळींना पाठ आहे. सुधीर फडके यांचे नाव निघाले की आजही टाळ्या पडतात. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो लढा एका पक्षाचा नव्हता. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आणि वारली भागातले कम्युनिस्ट, सगळे आपापल्या वाटेने आत शिरले. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. पुढची सात वर्षे इथला कारभार वरिष्ठ पंचायतीच्या नावाने इथेच चालला. ऑगस्ट १९६१ मध्ये भारतात विलीन होताना करारावर सही करण्यासाठी बदलानी नावाचे आयएएस अधिकारी एका दिवसाचे पंतप्रधान झाले, ही गंमत सगळे सांगतात. त्यानंतर वरिष्ठ पंचायत केवळ सल्ला देणारी उरली, हे मात्र कोणी सांगत नाही. निर्णय प्रशासकाकडे आणि दिल्लीकडे गेले.

मधुबन धरण आले ते यानंतर. सत्तरच्या दशकात काम सुरू झाले, ऐंशीच्या दशकात पाणी अडले. गुजरात, हवेली आणि तेव्हाचा गोवा-दमण-दीव यांचा हा संयुक्त प्रकल्प. भिंत गुजरातच्या हद्दीत, पण पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा मोठा वाटा हवेलीचा. पाण्याची पूर्ण पातळी ७९.८६ मीटर. त्या पातळीच्या आत ज्यांची शेते होती ते वारली, कोकणा कुटुंबांचे लोक टेकडीवर सरकले. दुधनीला आपण सहलीला जातो, होडीत बसून फोटो काढतो. तिथल्या जुन्या माणसाला विचारले की तो पाण्याकडे बोट दाखवून "आमची भातशेती तिथे" असे सांगतो. त्याची बोली मराठीच्या इतकी जवळची की दुभाष्या लागत नाही. कालव्यांमुळे हिरवळ आली, वापी-सिल्वासाचे कारखाने त्याच पाण्यावर चालले आणि आपले संसारही. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धरण ठरले तेव्हा या माणसाच्या वतीने बोलायला विधानसभेत कोणी नव्हते, कारण विधानसभाच नव्हती. लोकसभेतला एक खासदार, बस्स.

त्या एका जागेचा इतिहास मजेशीर आहे. मोहन डेलकर १९८९ पासून सात वेळा निवडून आले: कधी अपक्ष, कधी काँग्रेस, कधी भाजप, कधी स्वतःचा भारतीय नवशक्ती पक्ष. २०२१ मध्ये त्यांच्या निधनानंतर कलाबेन डेलकर शिवसेनेकडून जिंकल्या, २०२४ ला भाजपकडून. जिल्हा पंचायतीतही तेच. जनता दल युनायटेडचे १७ सदस्य होते, सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांतले १५ भाजपमध्ये गेले. माझ्या मते याचा दोष फक्त माणसांना देऊन भागत नाही. तिजोरीची किल्ली दिल्लीत असली की चिन्ह दिल्लीकडे बघूनच बदलणार. या काळात कामे झाली नाहीत असेही नाही. पिपरियाचे हिरवा वन, दादऱ्याची वनगंगा, २०१८ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलेले शहर, नदीकाठची सजावट, हे सगळे डोळ्यांसमोर आहे. पाहुणे आले की मीच त्यांना तिकडे नेतो. बगीचा आधी की सांडपाण्याची नळी आधी, यावर मात्र एकाही निवडणुकीत भांडण झालेले मी ऐकले नाही. (हिरवा हे वारल्यांचे दैवत आहे, हे तरी पाहुण्यांना सांगावे.)

आता हद्दीपलीकडे पाहू. २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच नदीजोड प्रकल्पांची नावे आली. त्यांत आपल्या शेजारचा पार-तापी-नर्मदा होता. सात धरणे, त्यांतली बहुतेक गुजरातच्या आदिवासी भागात. धरमपूर, कपराडा, वांसदा, डांग इथे मोर्चे निघाले, काँग्रेसचे आमदार अनंत पटेल पुढे झाले. या जागा आदिवासी राखीव, आणि डिसेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक. मे महिन्यात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी सुरतेत प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. कपराड्यापासून दुधनी काही लांब नाही. माणसे तीच, बोलीही जवळपास तीच.

पक्षांच्या राजकारणाची किंमतही मोजावी लागते. महाराष्ट्रात जलयुक्त शिवार २०१४ ला सुरू झाले. २०१९ ला सरकार बदलल्यावर ते थांबले, चौकशी लागली. २०२२ ला पुन्हा सरकार बदलले आणि 'जलयुक्त २.०' आले. मधल्या वर्षांत ज्याच्या नाल्यातला गाळ निघाला नाही त्याने कोणाला विचारावे? सभेतल्या ज्येष्ठांचे म्हणणे इथे खरे आहे. तरीही रखडलेले काम मी समजू शकतो, न विचारता झालेले काम मला पटत नाही.

कारण त्याच पाच नावांत दमणगंगा-पिंजाळही आहे. भुगड आणि खारगीहिल अशी दोन धरणे मधुबनच्या वरच्या बाजूला बांधून पाणी बोगद्यातून पिंजाळला आणि तिथून मुंबईला. ३ मे २०१० रोजी त्यासंबंधी सामंजस्य करार झाला. सह्या तीन: महाराष्ट्र, गुजरात, केंद्र. मुंबईला पाणी हवे, आपले निम्मे नातलग तिथेच राहतात. खालच्या भागाची गरज सोडूनच उरलेले पाणी न्यायचे असे कागदावर गणित आहे, हेही मान्य. पण ज्या हवेलीने मधुबनसाठी जमीन दिली तिची वेगळी सही त्या कागदावर नाही. २०२० पासून तर आपले मुख्यालयही दमणला गेले आहे.

अनंत चतुर्दशीला घाटावर उतरण्याआधी आपले कार्यकर्ते दरवर्षी एक फोन करतात: मधुबनचे किती दरवाजे उघडलेत? पाऊस पडलेला असतो नाशिककडच्या डोंगरात, दरवाजे असतात गुजरातच्या ताब्यात. पलीकडून आकडा सांगतात, मग आपण ठरवतो, मूर्ती पायरीवरून सोडायची की आत न्यायची.