स्फटिक आणि रत्ने : निगा व हाताळणी (महाड–पोलादपूर परिसर)

खनिज स्फटिक, रत्नांचे खडे आणि मोती-पोवळी स्वच्छ करणे, ठेवणे व हाताळणे या सगळ्याचा स्फटिक-रत्नांच्या निगेत समावेश होतो. सगळ्या खड्यांना लागू पडेल असा एकच नियम नाही, ही या विषयातली मुख्य अडचण आहे. गारगोटी ज्या पाण्यातून, उन्हातून किंवा आम्लातून सुखरूप निघते, त्यातच दुसरा एखादा स्फटिक कायमचा बिघडतो. म्हणून कोणताही दगड धुण्याआधी तो कोणता आहे हे ठरवावे लागते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा डोंगरी मुलूख ज्या काळ्या दगडाचा आहे, त्या दख्खनी बेसाल्टच्या पोकळ्यांत कठीण गारगोटी आणि मऊ, पाणी धरून ठेवणारी झिओलाइट खनिजे असे दोन्ही प्रकार आढळतात. साहजिकच इथे ही ओळख अधिक गरजेची ठरते.

हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे जमवली. पोलादपूरचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे ते याच लाव्हामुळे. थरांची रासायनिक क्रमवारी लावताना एकावर एक येणाऱ्या तीन गटांना ‘पोलादपूर’, ‘आंबेनळी’ आणि ‘महाबळेश्वर’ अशी नावे देण्यात आली. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांचा महाबळेश्वर भागावरचा या विषयातला शोधनिबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. डायनोसॉर नाहीसे झाले ती काळसीमा या थरांत नेमकी कुठे पडते, या वादातही पोलादपूर गटाचा उल्लेख सतत होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठणारा प्रवासी या थरांना छेद देतच वर चढत असतो.

विहीर खणताना, दगडखाणीत किंवा रस्त्यासाठी डोंगर कापताना काळा दगड फुटला की आत पांढरे दाणे किंवा चमकणारी पोकळी दिसते. अशा दगडाला घरी नेल्यावर बहुतेकदा पहिली वागणूक मिळते ती बादलीभर पाणी आणि तारेच्या घासणीची. गारगोटीला त्याने काही होत नाही. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ती सातव्या पायरीवर आहे, काचेवर ओरखडा काढते, आणि तिला ठराविक पातळ्यांवर चिरण्याची सवय नाही. स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन ते चारच्या घरात, कॅल्साइट तीनवर, ॲपोफिलाइट साडेचार ते पाचवर. या चौघांवर लोखंडी तारेचा किंवा चाकूचा ओरखडा सहज उमटतो. ॲपोफिलाइटचा चौकोनी स्फटिक तर एका धक्क्यात आडवा, सपाट तुटतो. त्याच्या माथ्यावरची मोतिया झळाळी दिसली, की तो कडांनी न उचलता खालच्या दगडाला धरून उचलावा.

आम्लाने होणारे नुकसान भरून येत नाही. संडास-न्हाणीघर साफ करण्याच्या द्रवात पुष्कळदा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि स्फटिकावरचा पांढरा थर काढायला ते वापरण्याचा मोह होतो. कॅल्साइट त्यात फसफसून विरघळतो, पण सोबतचे झिओलाइटही वाचत नाहीत. स्कोलेसाइटसारख्या खनिजाची आम्लात अक्षरशः खळ होते, ॲपोफिलाइटची चमक जाते. गारगोटीवरचा तांबूस, गंजासारखा डाग काढण्यासाठी संग्राहक ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालून, उघड्या हवेत, मुलांपासून लांब वापरावे. आजूबाजूला झिओलाइट असतील, तर डाग राहू देणेच बरे.

झिओलाइटांच्या जाळीदार रचनेत पाणी असते आणि तापवले की ते निघून जाते. म्हणून असे दगड उन्हात वाळत घालू नयेत, चुलीजवळ किंवा बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नयेत. लोमोंटाइट या बाबतीत सर्वांत हळवा. कोरड्या हवेत त्यातले थोडे पाणी उडते, स्फटिक पांढरा पडतो आणि बोटाच्या स्पर्शाने भुकटी होऊ लागते. कोकणातल्या पावसाळी, दमट हवेत तो तग धरतो, पण वातानुकूलित खोलीत किंवा देशावरच्या उन्हाळ्यात ढासळतो. जाणकार संग्राहक त्याला घट्ट झाकणाच्या डबीत ओलसर स्पंजाच्या तुकड्यासोबत ठेवतात. दमट हवेचा त्रास होतो तो सोबतच्या वस्तूंना : नमुन्याची माहिती लिहिलेल्या कागदी चिठ्ठीला बुरशी लागते, पायराइट असेल तर त्याचे गंजणे वाढते.

सुईसारख्या स्फटिकांचे तंत्र वेगळे. स्कोलेसाइट आणि मेसोलाइटच्या सुया ब्रशने मोडतात. त्यांच्यावरची धूळ रबरी फुग्याच्या हलक्या फुंकरीने उडवावी. ओकेनाइटचे पांढरे गोळे कापसाच्या बोंडासारखे दिसतात, पण बोट लावले की केस चपटे होतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. अशा नमुन्यांना कापसात गुंडाळणे ही नेहमीची चूक. कापसाचे तंतू सुयांत अडकतात आणि काढताना सुया घेऊन येतात. नमुना तळाशी घट्ट बसवून वरचा भाग मोकळा राहील असा खोका करावा.

दागिन्यांच्या खड्यांना स्वयंपाकघराचा उपद्रव जास्त. कोकणात तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, आमसुलाने उजळतात आणि तोच हात बोटातल्या अंगठीवर फिरतो. मोती आणि पोवळे मूलतः कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे आंबट रसाने त्यांचा पृष्ठभाग खरवडला जातो. भेगांत शिसेयुक्त काच भरून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या माणकांनाही लिंबाचा रस बाधतो. पाचूच्या भेगा बहुधा तेलाने झाकलेल्या असतात. गरम पाणी किंवा सराफाकडचे अल्ट्रासॉनिक यंत्र ते तेल बाहेर काढते आणि भेगा दिसू लागतात. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांतले मोती वापरानंतर मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसावेत. रेशमात ओवलेला सर पाण्यात बुडवू नये, आणि अत्तर लावून झाल्यावरच मोती अंगावर घालावेत. नुसत्या सोन्याचांदीला रिठ्याचे पाणी चालते, म्हणून मोत्यांच्या दागिन्यालाही चालेल असे धरू नये. हिरा सर्वांत कठीण असला तरी चार दिशांनी चिरतो, आणि त्याला तेलकटपणा फार चटकन चिकटतो.

देवघरातल्या मूर्तीबाबतही दगडाची ओळख आधी हवी. खऱ्या स्फटिकाचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे शिवलिंग पंचामृताच्या अभिषेकाने झिजत नाही. भेगांत दूध-मध राहू नये म्हणून कोमट पाण्याने धुतले की झाले. संगमरवरी मूर्ती मात्र कॅल्साइटची असते आणि दह्याच्या आंबटपणाने हळूहळू निस्तेज होते. स्फटिकाचा पारदर्शक गोळा खिडकीत ठेवू नये. तो ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि पडदा पेटू शकतो. जांभळ्या ॲमेथिस्टचा रंग लांबलेल्या उन्हाने फिकटतो.

सावित्री आणि गांधारीच्या पुराची सवय असलेल्या महाडात आणखी एक प्रसंग लक्षात ठेवावा लागतो. जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेत आणि घरांत चिखल शिरला. पुराच्या गाळात गारगोटीचे बारीक कण असू शकतात. चिखल वाळल्यावर खडा फडक्याने पुसला, तर सातव्या पायरीखालच्या प्रत्येक खड्यावर ओरखडे पडतात. आधी संथ, स्वच्छ पाण्याने गाळ निथळू द्यावा, पुसायचे ते नंतर. मोत्यांचा भिजलेला सर न ताणता सपाट कापडावर वाळवावा आणि नव्याने ओवून घ्यावा.

दगड फोडणाऱ्याची काळजी दगडाइतकीच महत्त्वाची. फोडताना चष्मा हवा, आणि अकीक किंवा गारगोटी कापताना-घासताना पाण्याची धार आणि नाकातोंडावर योग्य मास्क. गुजरातमधील खंभातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार या धुळीमुळे पसरला. तुर्कस्तानच्या कॅपाडोकिया भागात एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीने गावकऱ्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. तंतुमय खनिज कोणतेही असो, त्याची भुकटी हुंगू नये. मॅलाकाइट, गॅलेना किंवा सिनाबारसारखे खडे पिण्याच्या पाण्यात टाकून ते पाणी औषध म्हणून पिण्याची पद्धत धोक्याची आहे. त्यांत अनुक्रमे तांबे, शिसे आणि पारा असतो.

पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या दरडीखाली स्फटिक शोधायला जाऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. खाणीत परवानगीशिवाय शिरू नये, न उडालेल्या सुरुंगाचा धोका असतो. रायगडावरचा किंवा गांधारपाले लेण्यांतला दगड तर मुळीच फोडू नये, ती संरक्षित स्मारके आहेत.

दख्खनचे उत्तम नमुने पाहायचे असतील, तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या निळ्या कॅव्हान्साइटने या पठाराच्या खनिजांची ख्याती आणखी वाढवली. प्रत्येक नमुन्यासोबत गाव, विहीर किंवा खाण, आणि सापडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. परदेशी संग्रहांतील एकोणिसाव्या शतकातील कित्येक नमुन्यांवर केवळ ‘पूना’ एवढेच लिहिले आहे, आणि ते नेमके कोणत्या डोंगरातून आले हे आता कोणालाच सांगता येत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, दमट हवेत शाई पसरते.