महाड-पोलादपुरात चहा का पिकला नाही? न घडलेल्या गोष्टीचा इतिहास

उलाँग चहा म्हटलं की चीनमधला फूजियानचा वुयी डोंगर आणि तैवान आठवतात. पण उलाँग ही जात नाही, ती प्रक्रिया आहे. पानं कोमेजू द्यायची, हलवून कडा चुरडायच्या आणि हवेने ती अर्धवट लालसर झाली की उष्णता देऊन थांबवायचं. म्हणूनच तो दार्जिलिंगला आणि निलगिरीत बनतो, अगदी न्यूझीलंडमध्येही. तिथल्या वायकाटो भागात 1996 मध्ये तैवानहून सुमारे 1500 रोपं नेली होती. त्यातली जेमतेम 130 जगली आणि त्यांवर मळा उभा राहिला.

मग सह्याद्रीच्या कुशीतल्या महाड-पोलादपुरात चहा का नाही? डोंगरउतार आहे, धुकं आहे, चहाला मानवणारी आम्लधर्मी जांभी मातीही आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न चांगला आहे, कारण इथे न घडलेल्या गोष्टीचं कारण द्यायचंय. अशा वेळी मनात येईल ते पहिलं उत्तर लिहून टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा एकेक उत्तर तपासून बघू.

पहिलं उत्तर: जाणकार माणसं नव्हती. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. 1828 च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने ते थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं आणि पुढे तिथल्या तुरुंगात मलाया-सिंगापूरकडचे चिनी कैदी ठेवले. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवून नाव कमावलं. निलगिरीत चहाची सुरुवात चिनी कैद्यांशी जोडतात. इथेही चिनी होते, पण चहा झाला नाही. म्हणजे ‘चिनी आले, चहा आला’ हे कारण अपुरं आहे. शिवाय प्रत्येक चिनी माणसाला चहा करता येतो हे गृहीत धरणं म्हणजे प्रत्येक कोकण्याला होडी वल्हवता येते असं म्हणण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर: सरकारने प्रयोगच केले नाहीत. हेही टिकत नाही. 1860 च्या दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोना लावला होता, क्विनाइनसाठी. निलगिरीत तो रुजला, इथे काही वर्षांत सोडून द्यावा लागला.

तिसरं उत्तर पावसाचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. कुन्नूरला पाऊस याहून कितीतरी कमी, पण दोन्ही मोसमांचा. चहाच्या झुडपाला पाऊस वाटून मिळायला हवा. स्ट्रॉबेरीचं उदाहरण घ्या. ती पावसाळा सरता सरता लावतात, पाणी देतात आणि उन्हाळ्यात संपवतात. चहाला असं पळून जाता येत नाही, तो वर्षानुवर्षं तिथेच उभा असतो.

इथे थांबलो तर निबंध भूगोलाचा होईल. चौथं उत्तर जमिनीचं आहे. आसामात मळेवाल्यांना 1838 पासून ‘पडीक’ ठरवलेली जमीन सवलतीने मिळत गेली. महाडकडे खोती होती. जमिनीवर खोत, कुळं, वरकस नाचणी-वरी यांचे दावे आधीपासूनच होते. 1949 च्या कायद्याने खोती गेली, तोवर इथली तरुण माणसं मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेली होती. मोठ्या मळ्याला मोकळी जमीन आणि बांधलेले मजूर लागतात, इथे दोन्ही नव्हते.

मग पाऊस की जमीन? माझं मत असं: पावसामुळे प्रयोग फसले असते, आणि जमिनीमुळे तो प्रयोग पुन्हा करून बघायला भांडवल आलं नाही. दोन कारणं एकाच रांगेत उभी करू नका. कुठलं कारण कुठल्या टप्प्यावर काम करतं ते सांगा.

साधनांबद्दल दोन सूचना. महाडचा शोध फक्त कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये घेतलात तर घाटमाथा निसटेल, तो साताऱ्याच्या खंडात आहे. दफ्तरं जिल्ह्याची हद्द पाळतात, ढग पाळत नाहीत. आणि मराठी कागदात ‘चहा’ दिसला की लगेच हुरळून जाऊ नका. कोकणात परसात वाढतो तो गवती चहा, आणि ते गवत आहे.

हे सगळं आज कशाला? 22 जुलै 2021 ला तळिये आणि पोलादपूर तालुक्यातले उतार कोसळले, माणसं गाडली गेली. या उतारांवर नवं काय लावावं, याच्या सूचना पुढेही येत राहतील. कुणी दुसरीकडचा यशस्वी मळा दाखवला, तर आधी विचारा: तिथला पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो, आणि ती जमीन आधी कुणाची होती?