वनस्पतींचे शास्त्रीय नामकरण आणि 'हॉर्टस मलबारिकस'

वनस्पतींचे वर्गीकरण व नामकरण हा वनस्पतिशास्त्राचा पाया होय. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटेरम' या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस प्रजाती व जाती दर्शविणारे दोन शब्दांचे नाव दिले. तत्पूर्वी अनेक शब्दांचे लॅटिन वर्णन हेच नाव मानले जाई.

लिनियस भारतात कधीही आला नव्हता. मलबारच्या वनस्पतींसाठी त्याने 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथाचा आधार घेतला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड याने सिद्ध केलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील माहिती प्रामुख्याने इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याची होती. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट यांचे कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे.

वेलदोड्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. लिनियसने त्यास 'अमोमम कार्डमोमम' म्हटले. पुढे १८११ मध्ये मेटन याने त्याची वेगळी प्रजाती मानली व तिला 'हॉर्टस'मधील 'एलेट्टरी' या स्थानिक नावावरून 'एलेटारिया' हे नाव दिले. जातिवाचक शब्द मात्र नियमानुसार कायम राहिला.

नावांचा अग्रहक्क १७५३ पासूनच मोजला जातो. त्यामुळे 'एलेटारिया कार्डमोमम' या नावापुढे लिनियस व मेटन यांचा निर्देश होतो. ज्ञान पुरविणाऱ्या वैद्याचा होत नाही. नामकरणाचे नियम नावांना स्थैर्य देतात. त्यांमागील ज्ञानाचे श्रेय नोंदविण्याचे कार्य मात्र इतिहासालाच करावे लागते.