व्हिला पिसानी : ब्रेंताकाठचा वैभवशाली वाडा

इटलीच्या ईशान्येस व्हेनिस आणि पादुआ या दोन शहरांदरम्यान ब्रेंता नदीचा कालवा वाहतो. व्हेनिसच्या सरदार घराण्यांनी या कालव्याच्या काठी आपली ग्रामीण निवासस्थाने उभारली. सागरी व्यापारातील मक्तेदारी ढळू लागल्यावर या घराण्यांनी शेतजमिनीत पैसा गुंतवला. पिकावर देखरेख ठेवण्यासाठी बांधलेली घरे पुढे हवापालटाची आणि अखेरीस निव्वळ प्रतिष्ठेची ठिकाणे बनली. स्त्रा गावातील व्हिला पिसानी हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण होय.

अल्विसे आणि अल्मोरो पिसानी या बंधूंनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जुन्या घराच्या जागी राजवाड्याच्या तोडीची वास्तू उभारण्याचे ठरवले. अल्विसेने फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी व्हेनिसचा राजदूत म्हणून काम केले होते. पादुआचा वास्तुकार जिरोलामो फ्रिजिमेलिका याने प्रथम उद्यान, अश्वशाळा आणि हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह साकारला. त्याच्या निधनानंतर मुख्य वास्तूचे काम फ्रांचेस्को मारिया प्रेती याच्याकडे गेले. १७३५ साली अल्विसे व्हेनिसचा ११४ वा 'दोजे', म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणून निवडला गेला. मात्र १७४१ मध्ये तो मरण पावला तेव्हा वाडा अपुराच होता. काम संपले ते १७५० नंतरच्या दशकात.

वाड्याच्या नृत्यदालनाचे छत जोव्हान्नी बात्तिस्ता त्येपोलो याने १७६० ते १७६२ या काळात रंगवले. ओल्या गिलाव्यावरील या भित्तिचित्रात पिसानी कुटुंबीय ढगांवर विराजमान असून कीर्तिदेवता तुतारी फुंकून त्यांचे यश साऱ्या खंडांना ऐकवते आहे. हे काम आटोपून त्येपोलो माद्रिदला गेला, तो मायदेशी परतलाच नाही.

छतावरची तुतारी वाजत राहिली. खालचे वैभव मात्र ओसरत होते. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्यापुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले. कर्जात बुडालेल्या पिसानींनी १८०७ मध्ये वाडा विकला, आणि विकत घेणारा होता खुद्द नेपोलियन! त्याने तो आपला सावत्र मुलगा व इटलीचा व्हाइसरॉय युजीन द बोआर्ने याच्याकडे सोपवला. १८१४ पासून येथे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा अंमल होता. १८६६ साली व्हेनेतो प्रांत इटलीत विलीन झाल्यावर वाडा नव्या राज्याच्या ताब्यात आला आणि १८८२ साली राष्ट्रीय स्मारक ठरला.

विसाव्या शतकानेही वाड्यावर आपली मुद्रा उमटवली. गाब्रिएले दानुंत्सिओ याच्या १९०० सालच्या कादंबरीतील एक प्रसंग येथील चक्रव्यूहात घडतो. वाड्याचे प्रतिबिंब दाखवणारा लांबलचक जलाशय अनेकांना मूळ रचनेतला वाटतो. प्रत्यक्षात तो १९११ साली पादुआ विद्यापीठाच्या जलशास्त्रीय प्रयोगांसाठी खोदण्यात आला. १४ जून १९३४ रोजी हिटलर आणि मुसोलिनी यांची पहिली भेट व्हेनिसच्या दौऱ्यात याच वाड्यात झाली. ऑस्ट्रियाचा प्रश्न चर्चेत होता. दीड महिन्याच्या आतच, २५ जुलै रोजी, ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर डॉल्फुस यांची नाझींनी हत्या केली.

आज हा वाडा शासकीय संग्रहालय आहे. चक्रव्यूहाच्या मध्यभागी मिनर्व्हा या ज्ञानदेवतेचा पुतळा मिरवणारा लहानसा मनोरा आहे. वर चढणाऱ्याला बाहेर पडण्याची वाट स्पष्ट दिसते, खाली वळणांत फिरणाऱ्याला दिसत नाही. वाड्याच्या एकामागून एक आलेल्या धन्यांना तरी ती कोठे दिसली होती? दरबारांचे थाट विरले आणि दालने सामान्य प्रवाशांसाठी खुली झाली. पिसानींचे नाव मात्र वास्तूला चिकटून राहिले. सम्राटांच्या मालकीलाही ते पुसता आले नाही.