ठसादोष (अल्पमूल्याची नाणी)

नाणे पाडताना टांकसाळीतच राहून गेलेली ठशातील चूक. कोरी चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते, दोन डायांमध्ये, म्हणजे नक्षी कोरलेल्या साच्यांमध्ये, ती दाबली जाते आणि एकाच आघातात दोन्ही बाजू व कड घडते. या क्रियेत कुठे काय बिघडले हे सांगता आले, तरच त्याला ठसादोष म्हणावे. एरवी ते नाणे बाहेर खराब झालेले असते.

पहिली कसोटी उंचवट्याची. डायला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा मात्र खोल असतो. चकती कॉलरबाहेर सरकली तर ठसा एका कडेला जातो व उरलेला भाग कोरा राहतो. अशा नाण्यावर सालाचे आकडे शाबूत असतील तर संग्राहक त्याला अधिक मान देतात. दोनदा ठोकलेल्या नाण्यात पहिल्या ठशाचे अवशेष दुसऱ्याखाली चेपलेले दिसतात. सैल डाय आघातानंतर घसरल्यास अक्षराच्या कडेला नुसती सपाट पायरी पडते. हा किरकोळ प्रकार सर्रास दुहेरी ठसा म्हणून खपवला जातो.

सर्वांत लक्षवेधी दोष ब्रोकेजचा. आधीचे नाणे डायला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्या नाण्याच्या समोर आलेल्या बाजूची उलटी, खोल प्रतिमा उमटते. तो सर्वांत सहज बनवताही येतो. १९६०च्या दशकात आलेली एक, दोन, तीन व पाच पैशांची नाणी मऊ ॲल्युमिनियमची. दोन नाणी शेगड्यात आवळली की उलटी अक्षरे उठतात. मात्र त्या अक्षरांखाली मूळ ठशाचे चेपलेले अवशेष भिंगातून दिसतात. खऱ्या ब्रोकेजमध्ये त्या बाजूला मूळ ठसा नसतोच.

डायमध्ये ग्रीस व धातूचा चुरा साचल्यास अक्षरे पुसट येतात. येथे भारतीय नाण्यांबाबत विशेष सावध राहावे. मुंबई टांकसाळीची खूण हिऱ्याचा चौकोन, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याची खूणच नाही. त्यामुळे हिरा बुजलेले मुंबईचे नाणे कोलकात्याचे वाटते. सालाचे आकडेही अंधुक असतील, तर डाय बुजल्याचा संशय घ्यावा.

हातठोक नाण्यांना हे निकष लावू नयेत. शिवराई या हातठोक नाण्याचा डाय बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हे लेख एका नाण्यावर क्वचितच पुरे उतरतात. सरकलेला ठसा हा तिथे दोष नाही, ती घडणीची रीत आहे. लेखातील ‘शिव’, ‘सिव’ असे पाठभेद नक्की करायचे तर एकाच डायची अनेक नाणी शेजारी ठेवून तुटक अक्षरे जुळवावी लागतात.