बांधीवरची भरमार

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे धान कापून पुंजणे रचले जातात. रानडुकरांची खरी धाड पडते त्याच्या आधी, लोंबी भरत असताना. एकदा कळप बांधीत उतरला की तो खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. त्या रात्रींच्या जागलीसाठी या भागात एक बंदूक असे, घरोघरी नव्हे, पण गावात एखाद्याकडे तरी. बाकी महाराष्ट्र तिला ठासणीची बंदूक म्हणतो, झाडीपट्टीत आणि पुढे गडचिरोलीत ती भरमार. आज बंदुकीवर वाद पेटला की पिस्तुले, टोळ्या, पुढाऱ्यांचे अंगरक्षक यांच्याबद्दल बोलले जाते. भरमारीचे नाव कोणी काढत नाही. पण आपल्याकडे बंदूक कोणाच्या हाती असावी, हे दीडशे वर्षे कसे ठरत आले ते समजून घ्यायचे तर याच बंदुकीचा माग काढावा लागतो.

तिचे काम साधे आहे. नळी उभी धरायची, शिंगातून मापाने दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालून लोखंडी गजाने ठासायचे. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मागच्या टोकाला तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा मागे ओढून धरायचा. एक बार झाला की दुसऱ्यासाठी हे सगळे पहिल्यापासून, आणि ते अंधारात, मचाणावर बसून. तोवर डुकरे पलीकडच्या धुऱ्यावर पोचलेली असतात. दारू सर्दावली तर बार फुसका जातो. मारण्याइतकाच आवाज करण्यासाठी तिचा उपयोग व्हायचा. ही बंदूक घेऊन कोणी बाजारात दहशत माजवू शकत नाही, आणि कायद्याने तिला निराळे मानले त्याचे मूळ इथेच आहे.

भरमारीच्या आधी तोड्याची बंदूक होती. भोसल्यांच्या नागपूर राज्यात जमीनदार आपापले शिपाई बाळगत. वैनगंगेच्या पूर्वेकडच्या जंगलपट्टीत ही जमीनदारी दाट होती आणि आमगावही त्यातलेच. शेजारच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल 1818 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, तेव्हा कॅप्टन गॉर्डनला फौज घेऊन कामठ्याचा किल्ला घ्यावा लागला. म्हणजे त्या काळी इथल्या जमीनदाराकडे कंपनीशी चार दिवस झुंजण्याइतकी हत्यारे होती. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, आणि 1857 नंतर देशभर लोकांकडची शस्त्रे काढून घेण्याचे कायदे एकामागून एक आले.

त्यांतला सर्वांत मोठा 1878 चा, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र बाळगायचे तर परवाना हवा, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट. आपण या कायद्याकडे पाहतो ते बंदूक काढून घेणारा कायदा म्हणून. पण त्याने दुसरेही एक काम केले आणि ते जास्त टिकले. त्याने बंदूक सरकारच्या मर्जीची खूण बनवली. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, चौकशी पोलिसांची, आणि परवाना ज्याच्यावर सरकारचा भरवसा त्याला. मध्य प्रांतात हा भरवशाचा माणूस मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारा गावमालक होता, जमीनदार होता, क्वचित पाटील होता. ज्याच्या बांधीत डुक्कर शिरायचे तो कूळ-शेतकरी मालगुजाराच्या दारात बंदूक मागायला जायचा. पिकाचे रक्षण हे कारण कागदावर होते, बंदूक भिंतीवर टांगलेली होती मालगुजाराच्या.

काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला तो 1887 च्या मद्रास अधिवेशनात. पुढे गांधीजींनी जानेवारी 1930 मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत मीठकर रद्द करण्याबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही मागणीही होती. आज हे वाचून अनेकांना धक्का बसतो. बसू नये. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्यालाही एका अख्ख्या समाजाला नालायक ठरवून निःशस्त्र करणे अपमानास्पदच वाटणार. 1931 च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग तो राज्यघटनेत का नाही? याचे उत्तर डिसेंबर 1948 मधल्या घटना समितीच्या चर्चेत आहे, आणि तिला आपल्या भागाचा धागा आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडणारे हरि विष्णु कामथ हे मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि जिल्हा त्याच प्रांतात. कामथांचा आधार कराचीचा ठराव होता. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगेल आणि सरकारला त्याला अडवता येणार नाही. दुरुस्ती पडली. घटनेत उरला तो शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क. मी ही चर्चा अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी आंबेडकरांच्या बाजूनेच उभा राहिलो आहे. गावात ज्याच्या हाती जमीन, त्याच्याच हाती आधी बंदूक येते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. अमेरिकेने 1791 मध्ये हा हक्क घटनेत घातला आणि स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या 2018 च्या अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे माणसांपेक्षा जास्त बंदुका आहेत. आपण त्या वाटेने गेलो नाही, हे थोर शहाणपण होते.

मात्र हक्क नाकारला तरी परवान्याची जुनी रीत तशीच चालू राहिली. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात. त्याच्या तेराव्या कलमात भरमार नावानिशी हजर आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नळीच्या तोंडाकडून भरायची बंदूक हवी असेल तर परवाना द्यावा, आणि तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी साध्या नळीची. नियमांत त्यासाठी वेगळा नमुना. शेतकऱ्यासाठी कायद्याने जाणूनबुजून सर्वांत दुबळी बंदूक निवडली आणि मला ते रास्त वाटते. पण त्याच अधिनियमाखाली ज्याला जिवाची भीती आहे असे पटवता येते त्याला पिस्तूल मिळते. भीती पटवण्याची ताकद कोणात असते, हे आमगावच्या तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून घेणाऱ्या कोणालाही विचारावे.

मालगुजारी 1951 मध्ये गेली. तलाव सरकारजमा झाले, त्यांना माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव हे नाव पडले. काही बंदुका मात्र वारसांच्या नावे पुढे चालू राहिल्या. पन्नास-साठच्या दशकांत या जंगलांत शिकारीचे परवाने निघत, गट ठरवून दिले जात. नागपूरची अल्विन कूपर ही कंपनी परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या रानांत वाघाच्या शिकारीला नेत असे. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते बंद झाले. नागझिरा आणि नवेगाव आज वाघांसाठी राखीव आहेत, हे त्याचेच फळ. रानडुकराबाबत पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याकडून मारण्याची परवानगी मिळण्याची वाट कायद्यात ठेवलेली आहे. मात्र परवानगीचा कागद मिळाला तरी मारायचे कशाने? शेतकऱ्याकडे बंदूक नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो रात्रभर दुसऱ्याच्या बांधीवर बसत नाही.

ऐंशीच्या दशकात बंदुकीने इथे वेगळे रूप घेतले. गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांचे दलम, म्हणजे सशस्त्र गट, गडचिरोलीत आले, पुढे सालेकसा आणि देवरीच्या जंगलात. गावातली परवान्याची बंदूक ही त्यांना आयती मिळणारी गोष्ट होती. भरमारीही दलमच्या खांद्यावर गेल्या. परवानाधारकाला दोन्हीकडून धास्ती: बंदूक घरात ठेवली तर दलम येणार, पोलिसांत जमा केली तर खबऱ्या ठरण्याचे भय. आमगाव सपाटीवरचे, रेल्वेचे गाव. झळ बसली ती त्याच्या दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या डोंगरकाठच्या वाड्यांना.

सीमेपलीकडे छत्तीसगडातल्या बस्तरमध्ये 2005 मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम सुरू झाले. सरकारनेच आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर, हे घटनाबाह्य ठरवले. बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा नेहमीचा मुद्दा असतो, की चांगल्या माणसाच्या हाती बंदूक असली तर वाईट माणूस थबकतो. बस्तरने या मुद्द्याची किंमत मोजली आहे. तिथे दोन्ही बाजूंनी गावातल्याच पोराच्या हाती बंदूक दिली आणि मेली तीही गावातलीच पोरे. गडचिरोलीत पुढे गावकऱ्यांनी आपल्या भरमारी स्वतःहून पोलिसांकडे नेऊन दिल्याच्या बातम्या येत राहिल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता भूपती साठ साथीदारांसह तिथे शरण आला. पुढच्याच महिन्यात नक्षलवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत गोंदियात शरण आला. एका पिढीने पहिल्यांदा बंदुकीविना जंगल पाहिले.

उरलेल्या महाराष्ट्रात मात्र बंदूक वाढते आहे ती प्रतिष्ठेसाठी. केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्रपरवाने होते. त्यांत उत्तर प्रदेशाचे 12 लाख 77 हजारांहून अधिक, महाराष्ट्राचे 84 हजार. म्हणजे आपले राज्य तुलनेने शांत. पण डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यानंतर बीडकडे लक्ष गेले, तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने निघाले. हवेत बार काढतानाच्या चित्रफिती फिरल्या. त्यानंतर प्रशासनाने परवाने रद्द करायला घेतले. एवढ्या लोकांच्या जिवाला खरोखर धोका होता का, हे तो खून होण्याआधी तपासता आले असते. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली आणि लग्न-मिरवणुकीत बेपर्वाईने गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड लावला. चांगले झाले. पण परवाना देताना जी चौकशी होते ती अजून 1878 च्या वळणाची आहे. अर्जदार कोण हे आधी पाहिले जाते, गरज काय हे नंतर.

आणि भरमारीची जागा कशाने घेतली? तारेने. मुख्य वाहिनीवर आकडा टाकून नंगी तार बांधीभोवती फिरवायची. पूर्व विदर्भात रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी वाघ मेले. जय या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीड भागात असाच गेला. माणसेही मेली, बहुतेक वेळा शेजारच्या बांधीवाला, पहाटे पाणी पाहायला निघालेला. बंदुकीच्या बाराला निदान माणूस जबाबदार असतो, तो घोडा ओढण्याआधी पाहतो तरी. तार पाहत नाही. डुकरासाठी गावठी बॉम्बचा गोळाही ठेवला जातो आणि तो जनावराच्या तोंडात फुटतो. बंदुकीवर नियंत्रण ठेवून शेतकऱ्याला दुसरे काही दिले नाही तर तो काय करेल, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही.

म्हणून शेतकऱ्याला पुन्हा बंदूक द्या असे मी म्हणत नाही. भरमार परत आणून काही साधणार नाही, तिच्या दारूचा साठा आणि दुरुस्ती सांभाळणारे हातही आता विरळ झाले आहेत. मारावेच लागले तर वनखात्याने प्रशिक्षित नेमबाजांची पथके तालुक्याला द्यावीत आणि ती हंगामाच्या आत यावीत, पंचनाम्यानंतर नव्हे. सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाही, फक्त जनावराला मागे फिरवतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्यासाठी अनुदान आहे. ते व्याघ्र प्रकल्पांच्या आसपासच्या गावांपासून सुरू झाले. रानडुक्कर मात्र त्या गावांची हद्द पाळत नाही. वाघ नदीच्या काठाने तो आमगावच्या बांध्यांतही उतरतो, आणि कुंपणाचे पैसे तिथल्या दोन एकरवाल्यापर्यंत पोचायला हवेत.